घाटात दम टाकणारी जुनी गाडी: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासायचा कसा, बदलायचा कसा

साताऱ्यातून कासकडे निघालं की लगेच यवतेश्वराचा घाट लागतो. माझ्या गॅरेजपासून पहिला चढ दहा मिनिटांवर आहे. गाडी दुरुस्त झाली की ट्रायल मारायला मी तिथंच जातो, आणि तक्रार कळत नसेल तर दुरुस्तीच्या आधीही तिथंच जातो. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसवलेला, धूर स्वच्छ करणारा डबा. तो बुजलेली गाडी गावातल्या रस्त्यावर चांगली चालते. घाटात दुसऱ्या गियरवर पॅडल तळापर्यंत दाबलं की मात्र इंजिन अडतं. आवाज येतो, पण ओढ येत नाही. मागून कुणी दोर बांधून धरल्यासारखी गाडी चढते.

गेल्या वर्षी कोरेगावचे एक गुरुजी अशीच गाडी घेऊन आले. २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, वर सीएनजी किट, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेले. खंबाटकीत गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडलंय, चेक इंजिनची लाईट तीन महिन्यांपासून लागलेली. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, ‘कन्व्हर्टर गेलाय, नवा टाका.’ निदान बरोबर होतं, पण अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठीच मी हे लिहायला बसलोय. कन्व्हर्टर स्वतःच्या दोषानं फार क्वचित जातो. इंजिनातलं काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते त्याला मारतं. ते न शोधता नवा टाकला तर तोही जातो. २००९ साली माझ्याच हातून हे झालं. एका गिऱ्हाइकाची गाडी ऑईल पीत होती, मी तिकडे लक्ष न देता कन्व्हर्टर बदलून दिला आणि आठ महिन्यांत गाडी परत आली. त्या माणसानं कर्ज काढून पैसे दिले होते. ते मी विसरलेलो नाही.

डब्याच्या आत काय असतं

बाहेरून स्टीलचा डबा, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट. एका चौरस इंचात साधारण ४०० बारीक छिद्रं, आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या महागड्या धातूंचा अगदी पातळ थर. धूर या छिद्रांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल जळून जातं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन होतो. हे काम अडीचशे ते तीनशे अंश तापमानाला सुरू होतं. म्हणून थंड गाडीवर तपासून कधीही निकाल देऊ नका. आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल तिथं आलं. देशभर शिसं बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडलं. मधल्या काळात मी कोल्हापूरला उद्यमनगरात वस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. मुंबईची नवी गाडी गावाकडे यायची, इथलं शिशाचं पेट्रोल भरायची आणि शिशाचा थर बसून तिचा कन्व्हर्टर कायमचा निकामी व्हायचा. वीट दिसायला अखंड, पण काम शून्य. आता पेट्रोलमध्ये शिसं नाही, तरी तसंच मरण इंजिन ऑईलमधल्या फॉस्फरसनं येतं. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेली, निळा धूर सोडणारी गाडी रोज थोडं थोडं ऑईल त्या विटेवर जाळत असते. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल तरी तोच परिणाम.

दुसरं मरण वितळण्याचं. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तर त्यातलं पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथं जळतं. डबा लाल होतो, वीट वितळते, छिद्रं बंद होतात. तिसरं मरण फुटण्याचं: गतिरोधकावर घासून, दगड लागून, किंवा तापलेला डबा ओढ्याच्या पाण्यात शिरून वीट तडकते आणि तुकडे आत खुळखुळतात.

बुजलेला, निकामी झालेला आणि फुटलेला, हे तीन वेगळे आजार आहेत. त्यांच्या तपासण्याही वेगळ्या. इथंच बहुतेकांची गल्लत होते.

आधी फुकटातलं बघून घ्या

गाडी पूर्ण गार असताना डब्यावर रबरी हातोड्यानं किंवा मुठीनं हलकेच ठोका. आत खडे हलल्यासारखा आवाज आला तर वीट फुटली आहे. पण घाई करू नका. दहातल्या बऱ्याच गाड्यांत तो आवाज वरच्या पत्र्याच्या हीट शील्डचा असतो, कारण गंजून त्याचे बोल्ट निखळलेले असतात. पत्रा हातानं दाबून धरा आणि परत ठोका. आवाज थांबला तर मोठी होज क्लिप लावून तो आवळा, काम झालं. एवढ्यासाठी नवा कन्व्हर्टर विकला गेलेला मी पाहिलेला आहे.

मग गाडी चालू करून मॅनिफोल्डपासून (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या पाइपापासून) शेपटापर्यंत धूर कुठं गळतोय का ते ऐका. सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओलं फडकं क्षणभर धरलं की गळती फुसफुसते. कन्व्हर्टरच्या अलीकडे बारीक गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसतो आणि चांगल्या कन्व्हर्टरवर आळ येतो.

पीयूसी काढायला जाल तेव्हा नुसता कागद घडी करून खिशात टाकू नका, त्यावरचे आकडे वाचा. बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचं सरकारी मानक) पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ला मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर लॅम्डाही मोजतात (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, बरोबर मिश्रणाला १), तो ०.९७ ते १.०३च्या दरम्यान हवा. माझा अनुभव असा: लॅम्डा बरोबर असूनही दोन्ही आकडे चढलेले असतील तर संशय कन्व्हर्टरवर. लॅम्डा ०.९७च्या खाली असेल तर मिश्रणच जाड आहे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आधी ते बघा. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भरपूर असेल तर कुठला तरी सिलिंडर नीट जळत नाही.

बुजलाय का, हे गेज सांगतं

यासाठी व्हॅक्यूम गेज लागतं. ते महाग नसतं, आणि जुनी गाडी स्वतः सांभाळणाऱ्यानं एक घेऊन ठेवावं. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवरच्या एखाद्या बारीक नळीला टी जोडून ते लावा. गरम इंजिन आयडलवर असताना समुद्रसपाटीला काटा पाऱ्याच्या १८ ते २१ इंचांवर स्थिर असतो. उंचीप्रमाणे तो उतरतो, दर हजार फुटांना साधारण एक इंच. साताऱ्याची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, त्यामुळे आमच्याकडे १६ ते १८ म्हणजे तब्येत उत्तम. पुस्तकातला आकडा बघून महाबळेश्वरात घाबरू नका.

आता कुणाला तरी पॅडलवर बसवून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरायला सांगा. काटा क्षणभर पडतो आणि परत वर येऊन थांबतो. कन्व्हर्टर बुजलेला असेल तर तो थांबत नाही, हळूहळू खाली सरकत राहतो. गुरुजींच्या गाडीत आयडलला १७ होता. अडीच हजारांवर १६ झाला, आणि अर्ध्या मिनिटात ९ वर आला.

पक्की खात्री करायची तर पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या अलीकडचा, ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज बसवा. आयडलला सव्वा-दीड पीएसआयच्या आत आणि अडीच हजारांवर तीनच्या आत दाब असावा. त्यांच्या गाडीत सहा निघाला. हा दाब सायलेन्सर बुजल्यानंही वाढतो, म्हणून कन्व्हर्टरच्या मागचा जोड सैल करून परत मोजा. तरीही दाब तेवढाच राहिला तर अडथळा कन्व्हर्टरमध्येच आहे.

निकामी झालाय का, हे स्कॅनर सांगतो

स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले दोष वाचायचा, सॉकेट असतो. मोबाईलला जोडायचं साधं ब्लूटूथ यंत्र चालतं. आमच्याकडे हे काम माझी मुलगी बघते, डिप्लोमा करून तीन वर्षं झाली, आणि लाईव्ह डेटा वाचायला तिच्याकडूनच मी शिकलो. पी०४२० हा कोड म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली. पण कोड आला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. तिची पद्धत अशी: पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो, तो तसा व्हायलाच हवा. मागचा सेन्सर गरम गाडीत, स्थिर वेगावर, ०.६ ते ०.७च्या आसपास शांत बसायला हवा. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला तर वीट ऑक्सिजन साठवत नाही, म्हणजे निकामी. काही गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याचा आलेख वेगळा दिसतो. तिथं फक्त मागच्याकडे बघायचं.

एप्रिल २०१३पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत मागचा सेन्सरच नसतो आणि पी०४२० कधी येतच नाही. तिथं पीयूसीचे आकडे आणि गेज यांच्यावरच भिस्त.

पुढच्या आणि मागच्या पाइपाचं तापमान इन्फ्रारेडनं मोजून निकाल देणारे आहेत. मागचा पाइप पुढच्यापेक्षा गरम असेल तर कन्व्हर्टर काम करतोय हे खरं, पण इंजिन नीट जळत असेल तर चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक जेमतेम दिसतो. मी त्यावर विसंबत नाही. टाकीत ओतायच्या ‘कन्व्हर्टर क्लीनर’ बाटल्यांचंही तेच. वितळलेली वीट कुठल्याही औषधानं मोकळी होत नाही.

मारेकरी शोधा

गुरुजींच्या गाडीत पी०४२०च्या जोडीला पी०३०३ साठलेला होता, म्हणजे तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरची मिसिंग. प्लग काढले तर चारही झिजलेले. सीएनजीला ठिणगी जोरदार लागते, प्लगची गॅप वाढली की मिसिंग आधी गॅसवर सुरू होते. पेट्रोलवर गाडी ठीक वाटते म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. तिसऱ्याची कॉइलही तडकलेली होती. प्लगचा साधा संच हजाराच्या आत येतो. तो वेळेवर टाकला असता तर कन्व्हर्टर वाचला असता, आणि गुरुजींना हे सांगताना मला खरोखर वाईट वाटलं.

प्लग आणि कॉइल झाल्यावर कंप्रेशन मोजा, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. हजार किलोमीटरला ऑईल किती घटतं ते डिपस्टिकवर खूण करून बघा. कूलंट कमी होतंय का, तेही बघा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन गरमच होत नाही आणि जाड मिश्रण खात राहतं. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) दहा टक्क्यांच्या पलीकडे, अधिक किंवा उणे, गेलेला असेल तर त्याचा छडा लावल्याशिवाय नवा कन्व्हर्टर आणूच नका.

माझ्या वयाच्या मिस्त्रींना एक हात जोडून विनंती. कार्ब्युरेटरच्या काळात आपण चालू इंजिनाची प्लगची वायर काढून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायचो. आता तसं करू नका. वायर काढली तरी इंजेक्टर पेट्रोल सोडतच असतो आणि ते थेट कन्व्हर्टरमध्ये जातं. त्याऐवजी इंजेक्टरचं सॉकेट काढा, निदान तेवढंच मिळतं. मिसिंग मारणारी, किंवा चालूच होत नसलेली गाडी धक्का मारमारून चालू करू नका, तेही याच कारणानं.

नवा घेताना

चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि त्याच बीएस मानकाचा घ्या. स्वस्तातले सार्वत्रिक डबे मिळतात, पण त्यांत धातूचा थर विरळ असतो, वर्ष-दोन वर्षांत कोड परत येतो. जुन्या बाजारातला तर नकोच. त्यानं आधी किती ऑईल प्यायलंय हे बाहेरून कळत नाही. बिल आणि वॉरंटी लिहून घ्या. जुना कन्व्हर्टर परत मागून घ्या, किंवा त्याची किंमत हिशेबात वजा करून घ्या. आतल्या धातूंना भाव आहे, म्हणून तर ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात.

‘आतली वीट फोडून डबा रिकामा करून देतो, पिकअप बघा कसा येतो,’ असं कुणी म्हणालं तर गाडी घेऊन निघा. सेन्सरला फसवायची नळीही बसवून देतात. पीयूसी नापास होईल आणि कायद्यानं दंड होईल, ही कारणं आहेतच. माझं कारण जवळचं आहे. आमच्या शेडमध्ये दिवसभर गाड्या चालू असतात आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डबा रिकामा केलेली गाडी अर्धा तास आत चालू राहिली की पोरांचं डोकं दुखायला लागतं. तुमच्या घराखालच्या पार्किंगमध्येही हेच होतं.

बदलायचं काम

काम आदल्या रात्री सुरू करा. सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, पुढून जॅकनं उचलून दोन्ही बाजूंना स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, एक मिनिटासाठीही नाही. गाडी तीन-चार तास उभी राहिलेली असावी. डोळ्याला चष्मा लावा, कारण गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यात पडतात.

आधी सेन्सर. बहुतेक गाड्यांत २२ मिमीचा असतो, आणि त्यासाठी वायर जायला खाच असलेली गोटी मिळते. सेन्सरच्या वायरचं सॉकेट सोडल्याशिवाय पाना लावू नका, वायर पिळून तुटते. मग हीट शील्डचे बोल्ट. मग मागचा जोड, शेवटी पुढचा. लहान गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच चिकटून इंजिनापुढे असतो, काहींत खाली फरशीला. खालचा सोपा. पुढचा असेल तर स्टड तुटण्याची भीती खरी. नट आधी किंचित आवळा, मग सोडा, परत आवळा, परत सोडा. तरी हलला नाही तर नट गॅसच्या ज्योतीनं तापवा आणि त्यावर मेणबत्ती टेकवा. मेण आट्यांत उतरतं. वस्तादांनी शिकवलेली युक्ती, अजून चालते. जवळ पेट्रोलची नळी किंवा वायर असेल तर ज्योत लावू नका, नट कापून काढा. लटकणाऱ्या रबरांना साबणाचं पाणी लावलं की ती हातानं निघतात.

जुना काढल्यावर त्यातून उजेडाकडे बघा. गुरुजींच्या विटेचा मधला भाग वितळून काचेसारखा झाला होता, कडेनं थोडी छिद्रं शिल्लक. वीट फुटलेली असेल तर तुकडे मागच्या सायलेन्सरमध्ये गेलेले असतात. तो काढून हलवून बघा, नाहीतर नव्या कन्व्हर्टरनंतरही पिकअप येणार नाही.

नव्यावर बाण असतो, तो धूर जातो त्या दिशेला. गॅस्केट नवीन, नट नवीन. सिलिकॉनची पेस्ट जोडांना फासू नका, तिची वाफ सेन्सर मारते. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ (आट्या धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) अगदी पातळ लावा, टोकाला अजिबात लागता कामा नये, आणि ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. बाकी सगळे नट आधी हातानं बसवून पाइप सरळ लटकतोय ना ते बघा, मग इंजिनाकडून मागे आवळत या. एक टोक पूर्ण आवळून दुसरं ओढून बसवलं तर ताण राहतो आणि महिनाभरात फ्लँजला तडा जातो.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा धूर आणि जळका वास येतो, विटेभोवतीच्या गादीतला चिकटा जळत असतो. उघड्यावर दहा मिनिटं आयडलला ठेवा, पॅडल दाबू नका. जोडांवर साबणाचं पाणी सुरुवातीलाच शिंपडून बुडबुडे बघा, जोड तापायच्या आत. मग कोड पुसा.

नवा डबाही चांगलाच तापतो, कारण तो काम करतो. ऊस तुटायच्या दिवसांत शेतावर गेलात तर गाडी पाचटावर उभी करू नका. कासच्या वाळल्या गवतावरही नको.

गुरुजींची गाडी संध्याकाळी यवतेश्वराला नेली, गुरुजी शेजारी बसलेले. दुसऱ्या गियरवर पॅडल दाबलं आणि ती सरळ वर चढली. अडीच हजार फेऱ्यांवर व्हॅक्यूमचा काटा आता १७वर थांबत होता. दोनशे किलोमीटर झाल्यावर त्यांना परत बोलावलं, गरम-गार होऊन सैल झालेले नट आवळले आणि मुलीनं स्कॅनर लावला. पी०४२० नाही, पी०३०३ नाही, मागचा सेन्सर ०.६५वर शांत. ऑईलची खूण डिपस्टिकवर होती तिथंच होती. पुढचे प्लग कधी टाकायचे तो किलोमीटरचा आकडा तिनं पांढऱ्या पट्टीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला.